पाणी अडवणारा आणि वाटणारा राजा

राजारामपुरीत सकाळी नळाला पाणी आले की प्रत्येक गल्लीत तोच आवाज ऐकू येतो. मोटारी सुरू होतात, टाक्या भरू लागतात, अंगणात बादल्या लागतात. हे पाणी कुठून आले, याचा विचार करायला त्या घाईत कोणाला वेळ नसतो. शहराने अनेक दशके बालिंगा आणि शिंगणापूरच्या उपसा केंद्रांतून नदीचे पाणी घेतले. 2023 पासून काळम्मावाडी धरणाचे पाणीही थेट जलवाहिनीने येऊ लागले. भर उन्हाळ्यात कोल्हापूरची नदी वाहती राहते ती मात्र मुख्यतः राधानगरी धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे. ही वसाहत राजाराम महाराजांच्या नावाची आणि ते धरण त्यांच्या वडिलांनी, राजर्षी शाहू छत्रपतींनी सुरू केलेले.

शाहू महाराजांचे चरित्र आपण बहुधा शिक्षण, आरक्षण आणि सामाजिक न्याय या अंगाने वाचतो, आणि ते योग्यच आहे. पण तेच आयुष्य पाण्याच्या अंगानेही वाचता येते. तसे वाचले की दोन प्रश्न सतत समोर येतात. आलेले पाणी राखायचे कसे? आणि राखलेले पाणी सगळ्यांपर्यंत पोहोचवायचे कसे? यातला पहिला प्रश्न एका संस्थानापुरता नाही. तो अख्ख्या सूर्यमालेचा आहे.

महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव. वयाच्या दहाव्या वर्षी, 17 मार्च 1884 रोजी, आनंदीबाई राणीसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि ते कोल्हापूरचे छत्रपती शाहू झाले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला कोलकात्यात जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख पटकीच्या रोगाचा माग काढत होते. रुग्णांच्या आतड्यांत सापडलेला स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू त्यांना तिथल्या एका तळ्याच्या पाण्यातही सापडला. लोक त्याच तळ्यात आंघोळ करत, कपडे धूत आणि तेच पाणी पीत. पटकी हवेतून येते की दैवी कोपाने, हा जुना वाद त्या शोधाने मागे पडू लागला. रोग पाण्यातून पसरत होता. लहानग्या महाराजांना त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते, पण पुढे ज्या काळात त्यांना राज्य करायचे होते, तो काळ असा बदलत होता.

राजकोट आणि धारवाड येथे शिक्षण झाल्यावर 2 एप्रिल 1894 रोजी महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. वय अवघे 19. त्याच वर्षी अमेरिकेत अॅरिझोनाच्या कोरड्या पठारावर पर्सिव्हल लोवेल नावाच्या धनवान हौशी खगोलप्रेमीने मंगळ ग्रह पाहण्यासाठी वेधशाळा उभारली. त्याआधी 1877 मध्ये इटलीच्या जोव्हानी स्कियापारेल्ली यांना मंगळावर बारीक रेषा दिसल्या होत्या. त्यांनी वापरलेल्या इटालियन शब्दाचा अर्थ चर किंवा प्रवाह असाही होतो, पण इंग्रजीत जाताना त्याचा कालवा झाला. कालवा म्हटले की तो खोदणारा कोणीतरी हवाच. लोवेल यांची खात्री पटली की मंगळ कोरडा पडत चालला आहे आणि तिथले बुद्धिमान रहिवासी ध्रुवांवरचे बर्फाचे पाणी कालव्यांनी मध्यापर्यंत आणून जगत आहेत. जगभरच्या वर्तमानपत्रांत या कालव्यांची चर्चा रंगली.

कोल्हापुरात तेव्हा खऱ्याखुऱ्या कोरडेपणाशी गाठ पडायची होती. 1896 मध्ये पावसाने दगा दिला आणि दुष्काळ आला. मागोमाग प्लेग आला. 1899-1900 मध्ये पुन्हा मोठा दुष्काळ पडला. राज्यावर येऊन जेमतेम दोन-तीन वर्षे झालेला हा तरुण राजा घोड्यावरून गावोगाव फिरला. स्वस्त धान्याची दुकाने उघडली, तगाई दिली, जनावरांसाठी जंगले चराईला मोकळी केली, दुष्काळी कामे काढली. कामावर येणाऱ्या बायांच्या लहान मुलांना सांभाळण्याची सोय केली. प्लेगच्या दिवसांत लोकांना शहराबाहेर झोपड्यांत हलवले. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर दुष्काळ म्हणजे नुसती उपासमार नसते. पाणी कमी झाले की माणसे आणि जनावरे एकाच डबक्यावर येतात. हात धुणे, भांडी घासणे मागे पडते. पटकी, हगवण, विषमज्वर यांना रान मोकळे मिळते आणि अर्धपोटी शरीराला त्यांच्याशी झुंजता येत नाही. दुष्काळात माणसे भुकेने मरतात, तशीच वाईट पाण्यानेही मरतात.

या फिरतीत महाराजांना जे दिसले असेल, ते कोल्हापूर जिल्ह्यात आजही दिसते. पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला शिरोळकडे गेले की तो 500 मिलिमीटरच्या आसपास येतो. अंतर शंभर किलोमीटरही नाही आणि पाऊस दहापट कमी. कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेली बाष्पाने जड झालेली हवा डोंगराला अडते आणि वर चढते. वर चढताना ती प्रसरण पावते आणि थंड होते. दर किलोमीटरला तापमान साधारण 6 ते 10 अंशांनी उतरते. थंड हवेत बाष्प मावत नाही, त्याचे थेंब होतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात. उरलीसुरली हवा पूर्वेला उतरताना पुन्हा तापते, तिच्यातले ढग विरतात आणि तिथला शेतकरी आभाळाकडे बघत बसतो. पाऊस जागेप्रमाणे असा वाटला गेला आहे, तसाच तो काळाप्रमाणेही. जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. जुलैत पुराने घरे रिकामी करायला लावणारी नदी, अडवलेले पाणी नसेल तर एप्रिलमध्ये वाळूच्या पट्ट्यात शोधावी लागते. म्हणजे अडचण पाणी नसण्याची नव्हती. पाणी येत होते आणि निघून जात होते.

1902 मध्ये महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले. मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध जाहीरनामा त्याच वर्षी 26 जुलैला, ते परदेशात असताना निघाला. संस्थानाचे पाटबंधाऱ्यांचे धोरणही याच काळातले. त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला, विहिरी आणि तलावांची पाहणी सुरू झाली. गावोगावचे गाळाने भरलेले तलाव दुरुस्त करणे, नव्या विहिरींना मदत देणे ही कामे गाजत नाहीत, पण दुष्काळात माणसे जगतात ती अशाच कामांवर.

मग मोठा विचार पुढे आला. भोगावती नदी जिथे डोंगरातून बाहेर येते, तिथे फेजिवडे गावाजवळ तिला अडवायचे. 1907-08 च्या सुमारास कामाला सुरुवात झाली. जवळच वसवलेल्या गावाला महाराजांनी आपल्या मुलीचे, राधाबाईंचे नाव दिले आणि ते राधानगरी झाले. जलाशयाला राणीसाहेबांचे नाव मिळाले, लक्ष्मी तलाव. सिमेंट काँक्रीट आणि अवजड यंत्रे सर्रास मिळण्याचा तो काळ नव्हता. दगड, चुना आणि माणसांच्या खांद्यांवर भिंत चढत होती. एका संस्थानाच्या तिजोरीला पेलेल त्यापेक्षा हे काम मोठे होते. तरी महाराजांनी ते सोडले नाही.

योगायोग असा की त्याच 1907 साली मंगळावरच्या कालव्यांचा प्रश्नही निकालात निघत होता. उत्क्रांतीच्या सिद्धांतात डार्विनचे सहसंशोधक असलेले आल्फ्रेड रसेल वॉलेस तेव्हा ऐंशीच्या घरात होते. त्यांनी साधा हिशेब मांडला. मंगळ सूर्यापासून लांब, त्याची हवा विरळ, म्हणून तिथे कडाक्याची थंडी असणार आणि द्रव पाणी टिकणार नाही. उघड्या कालव्यातून हजारो किलोमीटर पाणी नेणे तर दूरच. लोवेल आपल्या मतावर 1916 मध्ये मरेपर्यंत ठाम राहिले, पण हिशेब वॉलेस यांचा बरोबर निघाला. 1965 मध्ये मरिनर-4 यान मंगळाजवळून गेले आणि त्याने पाठवलेल्या चित्रांत कालवे नव्हते, विवरे होती. दुर्बिणीतून अंधूक दिसणारे ठिपके मानवी डोळा आपोआप रेषेने जोडतो. लोवेल यांचे कालवे त्या सवयीतून आले होते.

मंगळाची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. पुढच्या यानांना तिथे वाळलेल्या नद्यांची पात्रे सापडली. क्युरिऑसिटी गाडीला 2012 मध्ये पाण्याने घासून गोल झालेले गोटे दिसले. 2021 मध्ये पर्सिव्हिअरन्स गाडी ज्या विवरात उतरली, तिथे एके काळी नदी तळ्याला मिळत होती आणि तिचा त्रिभुज प्रदेश अजून ओळखू येतो. तीन अब्ज वर्षांपूर्वी आणि त्याआधी मंगळावर पाणी वाहत होते. पण ग्रह लहान, त्याचे गुरुत्व कमी. आतला भाग लवकर थंडावला तसे त्याचे चुंबकीय कवचही गेले. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोताने हवा हळूहळू खरवडून नेली. हवेचा दाब आज पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथे भांड्यात पाणी ओतले तर ते टिकणार नाही. काही गोठेल, काही उडून जाईल. उरलेले पाणी ध्रुवांवर आणि जमिनीखाली बर्फ होऊन पडले आहे.

शुक्राचे उलट झाले. तो आकाराने पृथ्वीचा जुळा भाऊ, पण सूर्याला जवळ. पाण्याची वाफ हवेत उंचावर गेली, अतिनील किरणांनी तिचे तुकडे केले, हलका हायड्रोजन अवकाशात निसटला. त्याचा पुरावा आजही आहे. शुक्राच्या हवेत साध्या हायड्रोजनच्या तुलनेत जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीपेक्षा शंभरपटीहून अधिक आहे. हलका उडाला, जड मागे राहिला. तळ्यात मीठ उरावे आणि पाणी आटावे, तसे.

पृथ्वीवर पाणी टिकले याचे एक मोठे कारण आपल्या डोक्यावर आहे. साधारण 15 किलोमीटर उंचीवर तापमान शून्याखाली 50 अंशांच्याही खाली जाते. वर जाणारी वाफ तिथवर पोहोचेपर्यंत गोठते आणि पाऊस होऊन परत येते. हे थंड झाकण नसते तर आपले समुद्रही कोट्यवधी वर्षांत झिजत गेले असते. म्हणजे पाणी राखण्याचे पहिले धरण निसर्गानेच बांधले आहे. पण त्याने राखलेल्या पाण्यातले आपल्या वाट्याला किती येते? पृथ्वीवरचे सगळे पाणी दहा हजार लिटरच्या दहा टँकरांत भरले असे समजा. त्या एक लाख लिटरपैकी 2500 लिटर गोडे. त्यातले 1700 लिटर बर्फात अडकलेले आणि बाकीचे बहुतेक जमिनीखाली. जगातल्या सगळ्या नद्यांत मिळून येते ते फक्त 200 मिलिलिटर, एक पेलाभर. त्या पेल्यातला एक अदृश्य थेंब म्हणजे आपली पंचगंगा.

राधानगरीचे काम हा थेंब अडवण्याचे होते. पहिले महायुद्ध सुरू झाले, सामान आणि पैसा दोन्ही आटले. भिंत सुमारे 40 फुटांपर्यंत येऊन 1918 च्या सुमारास काम थांबले. महाराजांना पूर्ण धरण पाहायला मिळाले नाही. पण पाण्याच्या दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी याच वर्षांत हात घातला आणि तो दगडी भिंतीहून कठीण होता.

ही घटना कोल्हापुरात आजही सांगितली जाते. महाराजांच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींच्या नोकरांचा पाण्याचा हौद वेगळा होता. त्या हौदाला शिवल्याच्या आरोपावरून, महाराज बाहेरगावी असताना, गंगाराम यांना बेदम मारहाण झाली. महाराज परतल्यावर त्यांच्या कानावर हे आले. त्यांनी मारणाऱ्यांना कडक शिक्षा केली. गंगाराम यांना नोकरीतून मोकळे करून स्वतःचा धंदा काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम यांचे चहाचे हॉटेल सुरू झाले, सत्यसुधारक. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा कोण पिणार, हा प्रश्न होताच. महाराज आपली गाडी त्या हॉटेलसमोर थांबवत, चहा मागवत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. राजाने प्यायलेला चहा नाकारायचा कसा, या पेचात भल्याभल्यांना कप उचलावा लागला.

रसायनशास्त्राला जात कळत नाही. दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन. कोणत्याही हाताने उपसले तरी रेणू तोच. पाणी बिघडते ते जंतूंनी, मैल्याने, रसायनांनी. स्पर्शाने पाणी बाटते ही समजूत त्या काळी शास्त्राच्या नावाखालीही खपवली जात होती. तिचा आरोग्यावर होणारा परिणाम खरा होता. चांगल्या विहिरीपासून ज्याला दूर ठेवले जाते, तो डबक्याचे पाणी पितो आणि त्याचीच मुले आधी आजारी पडतात. 1919 मध्ये महाराजांनी हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या सर्वांना खुल्या केल्या. सरकारी दवाखान्यात अस्पृश्य रुग्णाला इतरांसारखेच वागवावे, असे बजावले. हुकूम निघाल्याने गावागावातली रूढी एका रात्रीत गेली नाही, पण कायदा कोणाच्या बाजूला आहे हे स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी, मार्च 1920 मध्ये, माणगावच्या परिषदेत महाराज आणि तरुण डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर होते. सात वर्षांनी, 20 मार्च 1927 रोजी, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले.

तो दिवस पाहायला महाराज नव्हते. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय 47. गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेऊन 1925 मध्ये त्यांचे स्मारक उभे केले. ज्याला हौदाला हात लावल्याबद्दल मार खावा लागला होता, त्याने उभारलेले हे स्मारक.

पुढची कामे पुढच्या पिढीने केली. राजाराम महाराजांच्या काळात कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर बंधारा झाला. पावसाळ्यात फळ्या काढून पाणी जाऊ द्यायचे आणि पाऊस सरताना त्या बसवून अडवायचे, अशा बंधाऱ्यांना सगळा महाराष्ट्र आज कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणून ओळखतो. राधानगरीची भिंत स्वातंत्र्यानंतर, 1950च्या दशकात पूर्ण उंचीला गेली. धरणात 8.36 टीएमसी पाणी मावते. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे कोल्हापूरकरांना चांगले ठाऊक आहेत. पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेला गेली की मोटर न चालवता, पाण्याच्या दाबावर आणि वजनाच्या तोलावर ते उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी बाहेर पडते. जुलैत दरवाजे उघडल्याची बातमी आली की राजाराम बंधाऱ्यावरच्या पातळीकडे सगळ्यांचे डोळे लागतात. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 मध्ये ती 55 फुटांच्याही वर गेली होती.

पाणी अडवून झाले, पण काम संपले नाही. ज्या पंचगंगेच्या पाण्यासाठी एवढी खटपट झाली, तिच्यात आज सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. काविळीचा हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतो आणि गर्भवतींना तो विशेष घातक ठरतो. पुरानंतर किंवा पाणी गढूळ दिसत असेल तेव्हा ते खळखळ उकळी येऊन किमान एक मिनिट उकळलेले असावे. घरची आणि अपार्टमेंटची टाकी पावसाळ्याआधी आणि नंतर धुऊन घ्यावी. नळाच्या पाण्याला वास आला तर शेजाऱ्यांनी मिळून तक्रार करावी, कारण एका घराचे फिल्टर गल्लीतल्या उरलेल्या घरांना वाचवत नाही. ज्या वस्तीत टँकर उशिरा पोहोचतो आणि ज्या घरात फिल्टर नाही, तिथला आजार हीच पाणीपुरवठ्याची खरी परीक्षा असते. गंगाराम यांच्या हौदाजवळ महाराजांनी नेमकी तीच पाहिली होती.

2022 मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, 6 मे रोजी सकाळी 10 वाजता, कोल्हापूर 100 सेकंद स्तब्ध उभे राहिले. रस्त्यावरची वाहने थांबली, दुकानांतले हात थांबले. मे महिन्यातली ती सकाळ होती, पाऊस अजून महिनाभर लांब होता. राधानगरीतून सोडलेले पाणी तेव्हा शहराकडे येत होते, आणि राजारामपुरीच्या नळांना त्या दिवशीही पाणी आले.